मार्चात बोलू

ब्युनोस आयरेसमध्ये फेब्रुवारी हा मन असणाऱ्या माणसांसाठी फार वाईट महिना. तिथे तेव्हा ऐन उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून शहरातले यच्चयावत मानसोपचारवाले एकजात समुद्रावर निघून जातात आणि मागे राहिलेल्या जनतेला महिनाभर स्वतःच्या आयुष्याकडे स्वतःच बघावं लागतं. दात दुखला तर दंतवैद्य सापडतो, नळ गळला तर प्लंबर सापडतो, पण चालता चालता आईविषयी एकदम काही सुचलं तर ते घेऊन जायचं कुठे? म्हणून शहाणी माणसं फेब्रुवारीत मोठे निर्णय घेत नाहीत. लग्न मोडत नाहीत, नोकरी सोडत नाहीत, केससुद्धा जपूनच कापून घेतात.

आमिल्कार बेनवेनुतोची गाडी नेमकी याच महिन्यात अडली होती.

आमिल्कार पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, अल्माग्रो भागातल्या एका चष्म्याच्या दुकानाचा मालक. दुकान वडिलांनी काढलेलं. थोरल्या बेनवेनुतोंना आपण कोण आहोत हा प्रश्न जन्मात कधी पडला नाही, कारण उत्तर दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मुलाचं मात्र पाटीवर भागेना. त्याला खरा आमिल्कार हवा होता, आणि तो शोधायला तो दर मंगळवारी पालेर्मोमधल्या कोर्साकबाईंच्या कोचावर उताणा पडत असे. बाई डोक्यामागच्या खुर्चीत बसायच्या. दिसायच्या नाहीत, फक्त मधूनच 'हूं' म्हणायच्या. त्या 'हूं'चा अर्थ लावण्यात आमिल्कारचा बुधवार आणि गुरुवार जायचा.

पहिली काही वर्षं आईवर गेली. मग वडिलांवर. मग पुन्हा आईवर, कारण तिथे थोडं शिल्लक निघालं. आणि गेल्या हिवाळ्यात एकदाचा खरा आमिल्कार दिसू लागला. हा खरा आमिल्कार चष्मे विकत नव्हता. तो कोर्दोबाच्या डोंगरात राहत होता. त्याची पर्यटकांसाठी बांधलेली चार लाकडी घरं होती, थोड्या शेळ्या होत्या, मधाच्या पेट्या होत्या, आणि सकाळी न्याहारीला त्याची बायको लिलियाना स्वतःच्या हाताने केलेला कडू संत्र्याचा मुरंबा पाहुण्यांपुढे ठेवत होती.

आता, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या आतूनही डोंगर, लाकडी घरं आणि मुरंबाच निघाला होता. आमिल्कारच्या मेहुण्याचंही तेच. तो तर जाऊन राहिलाच होता आणि पाहुणे मिळेनात म्हणून शेजारच्या मालकाशी भांडत होता. तो मालकही ब्युनोस आयरेसहून स्वतःला शोधत आलेला. त्या डोंगरात खरं स्वरूप सापडलेल्यांची इतकी दाटी झाली आहे की शेळ्यांना चरायला जागा नाही. पण आमिल्कारला कोणी हे सांगायला जावं तर तो म्हणायचा, "त्यांचं सोड. माझं आतून आलंय."

एवढ्यात एका मोठ्या चष्मेवाल्या कंपनीने दुकान विकत मागितलं. मोक्याची जागा, जुनी गिऱ्हाइकं, उत्तर एक मार्चपर्यंत द्या म्हणाले. आमिल्कार हा विषय घेऊन जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी कोचावर पडला. पडून श्वास घेतला, आणि म्हणाला, "कधी कधी वाटतं, दुकान विकून टाकावं आणि..."

"इथेच थांबू या," कोर्साकबाई मागून म्हणाल्या.

सत्र नीट सुरूसुद्धा झालं नव्हतं. पण कोर्साकबाई ज्या पंथाच्या, त्यात घड्याळ बघून सत्र संपवणं हे कारकुनी काम समजतात. तिथे सत्र कापतात ते शब्दावर. पेशंटच्या तोंडून तो एक महत्त्वाचा शब्द निसटला, की बाई उठल्या, दार उघडलं, पैसे ठेवा आणि चालू लागा. मग पेशंटने तो शब्द उराशी धरून आठवडाभर हिंडायचं. बाईंनी आमिल्कारला आजवर अनेकदा कापलं होतं, पण इतक्या लवकर कधीच नाही. फुटपाथवर आला तो ते वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत. इतक्या वर्षांनी त्याचं वाक्य आलं होतं.

दुकानात येऊन त्याने ही बातमी लिलियानाला दिली. ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती.

"लिली, बाईंनी कापलं."

"काय कापलं? दाखव बघू."

"सत्र! 'विकून टाकावं' या शब्दावर. कळतंय का तुला याचा अर्थ?"

"दोन दिवसांनी त्यांची सुट्टी लागतेय, जाड्या. घाईत असतील," लिलियाना म्हणाली. काटकुळ्या नवऱ्याला ती लग्नापासून जाड्याच म्हणत आली होती. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "आजोबा, ही नको. हिच्यात तुम्ही घुबड दिसता." म्हातारा खूश होऊन दुसरी फ्रेम मागू लागला.

"तुझा विरोध मी समजू शकतो," आमिल्कार शांतपणे म्हणाला. उपचारांतून त्याला जे जे मिळालं होतं त्यात हा शांतपणा सगळ्यात डोक्यात जाणारा होता.

लिलियाना म्हणजे अख्ख्या अल्माग्रोत कुठल्याही मानसोपचारवाल्याकडे न जाणारी एकमेव प्रौढ बाई. लोक तिच्याकडे कणवेने बघायचे. "तुझं कोण बघतं गं?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मला कुठला वेळ?" आणि विचारणारी मान हलवायची, कारण वेळ नसणं हे फार जुनं आणि चिवट लक्षण आहे हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

फेब्रुवारी लागला आणि आमिल्कारच्या मनात पाल चुकचुकली. बाईंनी 'विकून टाकावं' वर कापलं की 'आणि' वर? 'आणि' वर कापलं असेल तर सगळंच बदलत होतं. त्याने बेकरीवाल्याला विचारलं. बेकरीवाला म्हणाला, "माझा असता तर कापलंच नसतं. माझा जुन्या वळणाचा, शेवटपर्यंत ऐकून घेतो. झोपतो मधूनच, पण कापत नाही." टॅक्सीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की प्रश्न विक्रीचा नाहीच, बापाचा आहे, आणि वर दोन गल्ल्या जास्तीच्या फिरवून आणलं.

शेवटी त्याने आठवडाभर समुद्रावर जायचा बेत काढला. गेसेलला. कोर्साकबाई दर उन्हाळ्यात गेसेललाच जातात हे त्याने त्यांच्या टेबलावरच्या, गेसेलचं नाव छापलेल्या मिठाईच्या रिकाम्या डब्यावरून कधीच ताडलं होतं. लिलियानाला मात्र त्याने हवापालट एवढंच कारण सांगितलं.

"चल," ती म्हणाली. "मलाही तुझ्याशी जरा बोलायचंच आहे."

"अवश्य," आमिल्कार म्हणाला, आणि विसरून गेला.

गेसेलच्या वाळूत भाड्याचे कापडी तंबू ओळीने उभे असतात. पाठीला पाठ लावून. मध्ये नुसतं एक कापड. पहिले दोन दिवस आमिल्कार किनाऱ्यावर वरखाली हिंडून प्रत्येक मध्यमवयीन बाईकडे इतक्या निरखून बघत होता की एका नवऱ्याने त्याला हटकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी लिलियाना पोहायला गेली, हा तंबूत खुर्ची टाकून 'माते' या तिथल्या कडू चहाचे घोट नळीने ओढत बसला होता, आणि मागच्या कापडापलीकडून आवाज आला.

"मीठ कमी आहे."

हा आवाज आमिल्कारने वर्षानुवर्षं ऐकला होता तो असाच, डोक्यामागून. त्याच्याही नकळत तो खुर्चीत आडवा झाला, पाय जुळवले, हात पोटावर बांधले. मीठ कमी आहे. कशात? कोणाच्या आयुष्यात? त्याने अर्थ लावायला सुरुवात केलीच होती, तेवढ्यात एक पुरुषाचा आवाज आला.

"मांसाचे हे मिलानेसा काप तूच तळलेस, बेआत्रिस. मला काय सांगतेस?"

"तुला नाही सांगत, साउल. नुसतं बोलतेय. तेवढंही नको का? बाकीचे अकरा महिने लोकांचंच ऐकायचं." पाव चावल्याचा आवाज. "मार्च जवळ आला की परत जावंसंच वाटत नाही बघ. कान किटलेत माझे. ज्याला बघावं त्याला डोंगरात जायचंय. एकूणएक जण शेळ्या पाळणार. मी आपली हूं म्हणते. दुसरं काय म्हणू?"

"मग सोड ना."

"सोडून काय करू?"

"ते तू सांग."

आणि मग कोर्साकबाई लाजल्यासारख्या म्हणाल्या, "हसणार नसशील तर सांगते. मलाही जायचंय. कोर्दोबाला. चार खोल्या बांधू, पाहुणे ठेवू. मी मुरंबा करीन. माझं हे आतून आलंय, साउल."

आमिल्कारच्या तोंडातली चहाची नळी वाळूत पडली.

"तुझी मानसोपचारवाली काय म्हणते यावर?" नवऱ्याने विचारलं.

"माझी उरुग्वायला गेलीय. मार्चात बोलू म्हणाली."

"बरं झालं. तू घाई फार करतेस. त्या दिवशी गाडीचं..."

"गाडीचं काढू नकोस हं! टोइंगवाले खाली येऊन उभे, मला खिडकीतून दिसतायत, आणि कोचावरचा तो माणूस नुकताच पडून काहीतरी सुरू करतोय. काय म्हणत होता देव जाणे. 'इथेच थांबू या' म्हटलं, त्याला दाराबाहेर काढलं आणि सपाता घालून धावले. तरी उचललीच मेल्यांनी."

आमिल्कार बराच वेळ तसाच पडून राहिला. तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने आधी बाजू सावरून पाहिली. नेणिवेला काय, ती टोइंगवाल्यांच्या तोंडूनही बोलू शकते. गाडी उचलली जाणं हीसुद्धा एक तऱ्हेची... कसली? उचलण्याची... पण त्यातून काही निघेना. उन्हाने तंबू तापला होता आणि शेजारी मिलानेसाचा वास सुटला होता. त्याला वाईट वाटत होतं. अगदी साधं, लहान पोराला वाटतं तसं वाईट. तो इतक्या वर्षांनी तोंड उघडून आपल्या जन्माचं वाक्य बोलला होता, आणि बाई खिडकीतून गाडी बघत होत्या.

तो उठून तंबूबाहेर आला, आणि त्याच क्षणी वळसा घालून कोर्साकबाई नळावर भांडी धुवायला निघालेल्या समोर आल्या. फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख, डोक्याला टॉवेल, नाकावर पांढरं मलम, हातात तेलकट डबा. आमिल्कारने त्यांचे गुडघे पहिल्यांदाच पाहिले. बाहेर गाठ पडली तर दोघांनीही बघितलंच नाही असं करायचं, असा तिथला दंडक आहे, आणि दोघंही तो पाळायला एकाच वेळी समुद्राकडे बघू लागले. पण दोन तंबूंमधली वाट अरुंद होती. एकाने मागे सरल्याशिवाय दुसऱ्याला जाता येईना, आणि न बघता मागे सरायचं कोणी हे ठरेना.

"मार्चात बोलू," कोर्साकबाई अखेर समुद्राला म्हणाल्या.

"हूं," आमिल्कार म्हणाला, आणि बाजूला झाला.

लिलियाना पाण्यातून आली ती गरम चुरोंचा, साखरेत घोळलेल्या तळलेल्या कांड्यांचा, पुडा घेऊन. केसांतून पाणी निथळत होतं. वाळूवर टॉवेल पसरून बसली आणि पुडा त्याच्यापुढे केला. त्याने घेतला नाही.

"काय झालं? भूत बघितल्यासारखा दिसतोयस."

"लिली," तो म्हणाला, "दुकान विकू का?"

तिने चुरो खाली ठेवला. कोर्साकबाईंना, बेकरीवाल्याला, टॅक्सीवाल्याला विचारून झाल्यावर हा प्रश्न आता पहिल्यांदाच तिच्याकडे आला होता. तिचं तोंड साखरेने भरलं होतं, तेवढं तिने पुसलं.

"विक," ती म्हणाली.

"विक?"

"मला तेच बोलायचं होतं तुझ्याशी. कंपनीचा माणूस आला होता ना, तू मंगळवारी बाईंकडे होतास तेव्हा. त्यांना दुकान हवंय ते माझ्यासकट. गिऱ्हाइकं तुटायला नकोत म्हणे. मी तिथेच राहायचं, सगळं बघायचं, मदतीला दोन मुली देतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण म्हणणार आहे."

"पण आपण तर डोंगरात..."

"तू डोंगरात. मी कधी म्हटलं मी येते म्हणून?"

आमिल्कारने आठवून पाहिलं. खरंच, तिने कधी म्हटलं नव्हतं. त्याने तिला परस्पर तिथे नेऊन ठेवलं होतं, न्याहारीच्या टेबलापाशी, एप्रन बांधून.

"मग मुरंबा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मला मुरंबा आवडत नाही, आमिल्कार. मला गोड कडू काहीतरी एकत्र घातलेलं आवडतच नाही. आपल्या घरात कधी बरणी पाहिलीस?" तिने त्याला नावाने हाक मारली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मला दुकान आवडतं. माणूस आत येतो तो डोळे बारीक करत, आणि बाहेर पडतो तो समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचत. रोज बघते तरी मजा येते. मी कुठेही जाणार नाही. मला काही शोधायचं नाहीये."

"आणि मी?"

"तू जा ना. खरंच सांगते, चिडून नाही. इतकी वर्षं त्याला शोधतोयस, सापडलाय तर जा त्याच्याकडे. पैसे आहेत, वेळ आहे. मी अडवणार नाही. सणाला येत जा."

आपल्याला कोणीतरी अडवेल याची आमिल्कारने पक्की तजवीज केलेली होती. आधी आईने अडवलं होतं, मग वडिलांनी, मग दुकानाने, आणि अडवणाऱ्यांचा हिशेब मांडण्यातच त्याची उमर गेली होती. आता समोर वाट मोकळी होती, डोंगरापर्यंत सरळ. वाटेत कोणी उभं नव्हतं. तो एकटाच त्या लाकडी घराच्या दारात उभा आहे, पाहुणे गेलेत, अंधार पडतोय, आणि आत दिवा लावलेला नाही, असं त्याला दिसलं. शेळ्या ओरडत होत्या. त्याला शेळ्या आवडत नाहीत हे त्याला आत्ताच कळलं.

"लिली, मला एकट्याला भीती वाटते."

तिने पुडा बाजूला सरकवला.

"बाबा गेल्यापासून," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना. त्यात तो शांतपणा अजिबात नव्हता. "घरात कोणी नसलं की मी रेडिओ लावून ठेवतो. तू बाजारातून यायला उशीर केलास की मी जिन्यात येऊन उभा राहतो, आणि तू दिसलीस की वर पळतो. मला डोंगर नको. मला काय हवंय ते मला माहीत नाही, पण तू ज्या घरात नाहीस तिथे मला राहायचं नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. बाईंनाही नाही. तुला हे कसं सांगायचं तेच कळलं नाही कधी. तू कधी विचारलं असतंस तर..."

"मी विचारलं होतं," लिलियाना म्हणाली.

"कधी?"

"बाबा गेले त्याच आठवड्यात. तू पहाटेच उठून पलंगाच्या कडेला बसायचास. मी पाठीवर हात ठेवून विचारलं, काय होतंय रे तुला? तू म्हणालास, आत्ता नको लिली, मंगळवारसाठी राखून ठेवलंय. आधी बोललं तर त्यातला जीव जातो." तिने वाळूत सांडलेली साखर तळहाताने पुसली. "मग मी विचारायचं सोडलं. मला वाटलं, आपल्या वाटणीचं आता काही उरत नसेल."

आमिल्कारला तो हात आठवला. पाठीवर कुठे ठेवला होता तेही आठवलं. आणि त्या मंगळवारी आपण कोचावर पडून सबंध वेळ बाईंच्या नव्या पडद्याच्या रंगाबद्दल बोललो होतो, हेही आठवलं.